मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळू नका

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. शेवटचा रुग्ण तपासून झाला होता आणि कंपाउंडर दिवे मालवण्याच्या तयारीत होता. एवढ्यात एक गृहस्थ घाईघाईने आत आले. बोटांना खडूची पूड, खांद्याला पिशवी, खिशात लाल आणि निळे अशी दोन पेने. वय वर्षे सत्तेचाळीस. शाळेत इंग्रजी शिकवतात. पहाटे साडेपाचला घरी पहिली शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा दोन बॅचेस आणि जेवण झाल्यावर बारा-साडेबारापर्यंत वह्या तपासणे, असा त्यांचा दिवस. दोन महिन्यांपासून सकाळी उठल्यावर डोक्याची मागची बाजू ठणकते, अशी तक्रार होती. दोन महिने का थांबलात, असे विचारताच ते हसून म्हणाले, "अहो डॉक्टर, वेळ कुठाय? आय ॲम बर्निंग द कॅण्डल ॲट बोथ एंड्स!"

मी रक्तदाब मोजला. १७८/११०. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला. १७२/१०८.

मी विचारले, "सर, हा वाक्प्रचार तुम्ही मुलांना शिकवता ना? अर्थ काय सांगता?"

"अतोनात मेहनत करणे. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम करणे."

"आणि त्या मेणबत्तीचं पुढे काय होतं?"

सर एकदम गप्प झाले.

परीक्षेत प्रश्न असतो, 'पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' आपल्यापैकी पुष्कळ जण अर्थाकडे न बघताच थेट उपयोग करून मोकळे होतात. तोही वाक्यात नव्हे, आयुष्यात. म्हणून आज या सदरात थोडी भाषेची शिकवणी घ्यायचे ठरवले आहे. आरोग्याच्या सदरात व्याकरण कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण डॉक्टर छातीला नळी लावण्याआधी रुग्णाचे शब्द ऐकतो. अलीकडे माझ्या कानावर पडणारे शब्द बहुतेक इंग्रजी असतात. बिझी, टेन्शन, प्रेशर, डेडलाइन, बर्नआउट. शब्द उसने घेतले की त्यांच्याबरोबर विचारही येतो. तो आपल्या प्रकृतीला मानवतो की नाही, हे बघायला नको का?

उधळपट्टीची झाली मेहनत

मेणबत्तीपासूनच सुरुवात करू. हा वाक्प्रचार इंग्रजीत आला तो फ्रेंच भाषेतून. रँडल कॉटग्रेव्ह नावाच्या गृहस्थाने १६११ साली फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश छापला, त्यात तो सापडतो. त्या काळी मेणबत्ती ही पैशाची वस्तू होती. गरिबाघरी चरबीची, श्रीमंताघरी आणि चर्चमध्ये मेणाची. एकच मेणबत्ती दोन्ही टोकांनी पेटवायची म्हणजे ती आडवी धरायला हवी. मेण भराभर गळणार आणि उजेड घटकाभरच टिकणार. अशी मेणबत्ती जाळणारा माणूस म्हणजे उधळ्या. घरात हाताने पैसा उडवणारा, दिवाळे काढणारा. मूळ अर्थ हा असा होता. तेव्हा ती शिवी होती, शाबासकी नव्हती.

पुढे काळ बदलला. पैशाच्या उधळपट्टीचा हा वाक्प्रचार शक्तीच्या उधळपट्टीला लागला आणि आता तर लोक तो छाती फुगवून सांगतात. दूषणाचे भूषण झाले ते असे. माझे म्हणणे एवढेच की उधळपट्टी हा मूळ अर्थच बरोबर होता. रात्रीची झोप ही शिल्लक ठेव आहे. ती रोज थोडी थोडी मोडून खाणाऱ्याला कष्टाळू कसे म्हणावे?

याच जातीचा दुसरा वाक्प्रचार म्हणजे 'बर्निंग द मिडनाइट ऑइल', मध्यरात्रीचे तेल जाळणे. सतराव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात तो दिसतो. १६३५ साली फ्रान्सिस क्वार्ल्स या कवीने तो वापरला आहे. पण दिव्याच्या तेलात एक सोय होती. तेल संपायचे. आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींनी कंदिलावर आणि चिमणीवर अभ्यास केला आहे. रॉकेल संपत आले की वात फडफडायची, आई आतून ओरडायची, 'पुरे आता, झोप.' विजेच्या दिव्याला आणि मोबाइलच्या पडद्याला अशी वात नाही. तो रात्रभर तेवत राहतो. त्यामुळे कधी थांबायचे ते आता आपले आपल्यालाच ठरवावे लागते, आणि तेच नेमके आपल्याला जमत नाही.

'बिझी' म्हणजे काय?

मूळ शब्दाकडे येऊ. 'बिझी' हा जुन्या इंग्रजीतला शब्द. कामात गुंतलेला हा त्याचा अर्थ आहेच, पण त्याच्या पोटात काळजी आणि बेचैनी हाही अर्थ होता. त्यापासून 'बिझिनेस' हा शब्द झाला आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चक्क काळजी, विवंचना असा होता. धंदा हा अर्थ फार पुढचा. बिझिनेस करणाऱ्या वाचकांना हे नव्याने सांगायला नकोच!

आपण मराठीत पूर्वी 'कामात आहे' म्हणत होतो. मग हिंदीवरून 'व्यस्त आहे' म्हणू लागलो. मराठीत व्यस्त शब्दाचा खरा अर्थ उलटा. शाळेत आपण व्यस्त प्रमाण शिकलो, एक वाढले की दुसरे कमी होते. तेव्हा कुणी 'मी फार व्यस्त आहे' म्हणाले की मला ते बरोबर वाटते. एका मर्यादेपलीकडे काम आणि आरोग्य यांचे प्रमाण व्यस्तच असते.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामाशी निगडित पक्षाघात व हृदयविकाराने जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा त्यांचा हिशेब आहे. आमच्या सरांचे तास मी त्यांच्यासमोर कागदावर मोजले. आठवड्याला ७८ भरले. रविवार धरून.

चाकाला टेकलेले नाक

'कीपिंग वन्स नोज टू द ग्राइंडस्टोन' हा आणखी एक वाक्प्रचार. नाक धार लावायच्या चाकाला टेकवून ठेवणे, म्हणजे मान वर न करता काम करणे. आपण 'मान मोडून काम करणे' म्हणतो तसेच. हा फार जुना आहे. १५३२ साली जॉन फ्रिथ याच्या लेखनात तो येतो. गंमत म्हणजे त्या काळी माणूस आपले नाक आपणहून चाकाला लावत नसे, दुसरा कुणीतरी ते लावत असे. दुसऱ्याचे नाक चाकावर धरणे म्हणजे त्याला पिळून काढणे, त्याचा छळ करणे. इथेही तोच प्रकार झाला. जो जुलूम होता तो पुढे सद्गुण झाला. आता मालकाची गरज उरली नाही. आपणच आपली मान धरतो आणि आपणच आपले नाक घासतो.

हे चाक खरोखरच काय करत होते, तेही सांगतो. इंग्लंडमधले शेफील्ड शहर सुऱ्या, कात्र्या, काटे-चमचे यांसाठी प्रसिद्ध. तिथले कारागीर वाळूच्या दगडाच्या फिरत्या चाकावर वाकून दिवसभर पात्यांना धार लावत. दगडाची बारीक धूळ श्वासातून छातीत जाई. काही काम पाण्याची धार सोडून ओल्या दगडावर चाले, काही कोरड्या दगडावर. शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कामगारांचे हाल लिहून ठेवले. फ्रेडरिक एंगल्स याने १८४५ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांचा दाखला दिला आहे. कोरड्या दगडावरचा कामगार सरासरी जेमतेम पस्तिशी गाठी आणि ओल्या दगडावरचा क्वचितच पंचेचाळिशी ओलांडी, असे ते निरीक्षण होते. या रोगाला आज आम्ही सिलिकोसिस म्हणतो. दगडातल्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे कायमची निबर होतात. हा रोग संपला, असे समजू नका. गुजरातेत खंबायतला अकीक घासणारे कारागीर, आपल्याकडचे दगडखाणींतले आणि क्रशरवरचे मजूर यांच्यात तो आजही आढळतो. गेलेले फुप्फुस परत आणणारे औषध नाही. धूळ उडू न देणे, पाणी मारणे, योग्य मास्क वापरणे हाच उपाय.

म्हणून कुणी मुलांना 'नाक चाकाला लावून अभ्यास करा' असा उपदेश केला की मला शेफील्डच्या त्या छात्या आठवतात. वाक्प्रचार तोंडाने म्हणायला सोपा असतो. तो ज्यांच्या अंगावरून आला त्यांना काय भोगावे लागले, हे शब्दकोशात लिहिलेले नसते.

मधमाशीसुद्धा झोपते

यावर कुणी म्हणेल, डॉक्टर, मग मधमाशीचे काय? 'ॲज बिझी ॲज अ बी', मधमाशीसारखा उद्योगी, ही तर निर्भेळ स्तुती आहे. ही उपमा चौदाव्या शतकात चॉसरने वापरली आहे, इतकी ती जुनी. तेव्हा जरा त्या मधमाशीचीही तपासणी करू.

मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने एकाच कामकरी माशीवर शंभराहून जास्त तास नजर ठेवली आणि १९५२ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यात आढळले असे की ही उद्योगी बाई आपला सर्वांत जास्त वेळ विश्रांतीत आणि त्याखालोखाल पोळ्यात नुसते हिंडण्यात घालवते! काम निघाले की करते, नसले की स्वस्थ बसते. पुढे १९८० च्या दशकात वाल्टर कैझर यांनी दाखवले की मधमाश्या रात्री चक्क झोपतात. मिशा खाली पडतात, अंग सैल सुटते. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही माश्यांना रात्री झोपू दिले नाही. फुले कुठे आहेत हे मधमाशी इतर माश्यांना नाचून सांगते. जागरण झालेल्या माश्यांचा दुसऱ्या दिवशीचा नाच दिशेला चुकू लागला. म्हणजे काम चालू, पण पत्ता चुकीचा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांनी आणि त्यांना जागवणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. युरोपात उन्हाळ्यात राबणारी कामकरी माशी साधारण पाच-सहा आठवडे जगते. मध गोळा करायला बाहेर पडली की शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तिचे पंख झिजून फाटतात. तीच जात हिवाळ्यात पोळ्यात राहते तेव्हा चार-सहा महिने जगते. पोळ्याला एक माशी गेली तरी चालते, तिच्या जागी दुसरी येते. घरातला कर्ता माणूस गेला तर त्याच्या जागी कोण येणार?

भट्टीत फार लोखंडे

'टू मेनी आयर्न्स इन द फायर' हा लोहाराच्या शाळेतला वाक्प्रचार. लोहार भट्टीत एका वेळी हाताला झेपतील तेवढीच लोखंडे घालतो. जास्त घातली तर एकाला ठोके देईपर्यंत दुसरे जळून जाते. आजकाल या गोष्टीला मल्टिटास्किंग म्हणून मान मिळाला आहे. हा शब्द मुळात १९६० च्या दशकात संगणकासाठी तयार झाला, माणसासाठी नव्हे.

इथे माझीच एक चूक कबूल करतो. शिकाऊ डॉक्टर असताना माझी सलग छत्तीस तासांची ड्युटी चालू होती. त्याचा आम्हांला तेव्हा अभिमान वाटे. कोण किती तास जागला याच्या पैजा लागत. पहाटे चारच्या सुमाराला तीन रुग्णांचे कागद एकदम समोर होते आणि एका लहान मुलाच्या औषधाचा डोस मी दसपट लिहिला. दशांश चिन्ह एक घर सरकले, एवढेच. वॉर्डातल्या वयस्क सिस्टरने कागद माझ्यासमोर धरला आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, एकदा बघता का?" ते मूल वाचले ते तिच्यामुळे, माझ्या मेहनतीमुळे नव्हे. त्या दिवसापासून जागरणाची बढाई मी कधी मारली नाही.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी याचे मोजमाप केले. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हाताचे आणि लक्षाचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढिसाळ होते. २४ तास जागल्यावर ते ०.१० टक्क्याइतके बिघडते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याला ०.०३ टक्क्याची मर्यादा आहे. म्हणजे पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री अकराला मोटारसायकलवरून घरी निघतो तेव्हा थेंबभर न घेताही तो प्यालेल्याच्या पंगतीत बसलेला असतो. रात्री लग्नाहून परतणाऱ्या जीपगाड्या आणि पहाटे पलटी होणारे ट्रक यांच्या बातम्या याच वर्तमानपत्रात आपण वाचतो.

माणूस म्हणजे यंत्र?

मेणबत्ती, मधमाशी, लोहार ही झाली जुनी दुनिया. वाफेचे इंजिन आले आणि इंग्रजी वाक्प्रचारांनीही कपडे बदलले. 'फुल स्टीम', 'अंडर प्रेशर', 'लेटिंग ऑफ स्टीम'. पुढे मोटार आली, बॅटरी आली. आता माणूस 'रिचार्ज' होतो. पूर्वी माणसाची तुलना जिवंत प्राण्याशी होती, आता यंत्राशी होऊ लागली.

पण यंत्र बनवणारेसुद्धा यंत्राला आपल्यापेक्षा जास्त सांभाळतात. दनी पापिन या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनमध्ये प्रेशर कुकरचा आद्य अवतार दाखवला. वाफ कोंडून भांडे फुटू नये म्हणून त्याला त्याने झडप बसवली. आपल्या घरचा कुकर तीन शिट्ट्या देतो आणि गॅस बंद करतो आपण. शिट्टीवर बोट दाबून आच वाढवणारी सुगरण मी पाहिलेली नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र हेच करणारी माणसे रोज माझ्यासमोर येतात. डोके दुखणे, छातीत धडधड, पित्त, चिडचिड, झोप न लागणे या शिट्ट्याच आहेत. त्यावर बोट म्हणजे टपरीवरचा चौथा चहा, तंबाखूची गोळी आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेतलेली वेदनाशामक गोळी.

यंत्राच्या या दुनियेतूनच 'बर्नआउट' हा शब्द आला. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली तो शास्त्रीय लेखनात आणला. विशेष म्हणजे तो त्यांनी कुणा शेठजींवरून नव्हे, गरिबांच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांवरून वापरला, आणि त्यात ते स्वतःही होते. चांगल्या कामाने माणूस करपत नाही, हा समज त्यांनी खोटा ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली. तो स्वतंत्र रोग नाही, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी अवस्था आहे, असे तिचे म्हणणे. लक्षणे तीन. अंगातले त्राण जाणे, कामाबद्दल मनात विटाळा येणे, आणि हातून पूर्वीइतके काम न होणे. तिसरे लक्षण नीट वाचा. जास्त काम करण्याच्या नादात काम कमी होऊ लागते.

ज्यांना थांबता येत नाही

एवढे वाचून शेतावरची, हातावर पोट असलेली मंडळी म्हणतील, 'डॉक्टर, हे सगळं पगारदारांना सांगा. आम्ही थांबलो तर चूल थांबेल.' त्यांचे बरोबर आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला किंवा दोन पाळ्या करणाऱ्या हमालाला 'विश्रांती घ्या' एवढे सांगून मोकळे होणे ही डॉक्टरची लबाडी होईल. त्यांची विश्रांती त्यांच्या एकट्याच्या हातात नसते. ती मिळवावी लागते.

आपण आज ज्याला हक्काचा रविवार म्हणतो तोही असाच मिळवलेला आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सुट्टीशिवाय पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबणाऱ्या कामगारांना आठवड्याची एक सुट्टी मिळावी ही त्यांची मागणी होती. गिरणीमालकांनी ती १८९० सालच्या १० जूनला मान्य केली. इंग्रजीत म्हण आहे, 'ऑल वर्क अँड नो प्ले मेक्स जॅक अ डल बॉय.' जेम्स हॉवेलच्या १६५९ सालच्या म्हणींच्या संग्रहात ती आहे. इंग्रजाने ती म्हण लिहून ठेवली, पण मुंबईच्या गिरणीत तिचा वाक्यात उपयोग करून दाखवला तो लोखंड्यांनी. असा मिळालेला रविवार आपण 'एक्स्ट्रा बॅच' घेऊन परत करतो, याचे मला वाईट वाटते.

आणि घरातल्या बाईच्या कामाला तर कुठल्याच भाषेत नीट वाक्प्रचार नाही. तिला कुणी 'बिझी' म्हणत नाही. ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर झोपते आणि माझ्याकडे येते तेव्हा केसपेपरवर 'काम : काही नाही' असे लिहायला सांगते. घरातली पाच कामे पाच जणांनी वाटून घेतली तर तिच्या अर्ध्या गोळ्या कमी होतील.

एक वाक्प्रचार मात्र घ्यावा

इंग्रजीतला एक वाक्प्रचार मला मनापासून आवडतो. 'एल्बो ग्रीस', कोपराचे तेल. म्हणजे अंगमेहनत. तिकडच्या कारखान्यांत नव्या पोराची फजिती करायला जुने कारागीर त्याला दुकानातून 'पावशेर कोपराचे तेल' आणायला पाठवत असत! आजच्या 'बिझी' माणसाकडे हेच तेल नसते. तो दमलेला असतो, पण घामाघूम झालेला नसतो. खुर्ची, मोटारसायकल, पुन्हा खुर्ची. डोके धावत असते आणि पाय निजलेले असतात. रक्तदाब आणि मधुमेह यांना असेच गिऱ्हाईक आवडते. प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे, म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटे, भरभर चालावे, एवढी साधी अपेक्षा आहे.

बाकीचा सल्लाही फार मोठा नाही. प्रौढाला रात्री निदान सात तास झोप हवीच. ती कमी करून वाचवलेला वेळ दुसऱ्या दिवशी चुका निस्तरण्यात जातो. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा, कारण बहुतेकांत तो काहीच त्रास देत नाही. डोके दुखले नाही म्हणजे दाब नाही, असे समजू नये. १४०/९० किंवा त्याहून वर वारंवार आला तर डॉक्टरांना दाखवावे आणि सुरू केलेली गोळी बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने सोडू नये. दिवसभरात सगळे मिळून चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी मीठ पोटात जावे. लोणचे, पापड, फरसाण त्यात धरून. बोलताना अडखळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, किंवा छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटणे, यांपैकी काही झाले तर 'हातातलं काम उरकून येतो' म्हणू नये. त्याच मिनिटाला मोठ्या रुग्णालयात जावे.

सरांचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. त्यांना मी गोळी सुरू केली, मीठ कमी केले आणि रात्रीची बॅच बंद करायला सांगितली. ते म्हणाले, "डॉक्टर, मुलीच्या इंजिनिअरिंगची फी त्या बॅचवर चालते." मी निरुत्तर झालो. हे औषध महाग होते, आणि त्याची किंमत मी देणार नव्हतो. त्यांनी घरी चार दिवस विचार केला. शेवटी रात्रीची बॅच सोडली, तिच्यातली निम्मी मुले संध्याकाळच्या बॅचमध्ये घेतली आणि फीच्या उरलेल्या रकमेसाठी पतपेढीचे कर्ज काढले. सोपे काहीच नव्हते. परवा ते आले तेव्हा रक्तदाब १३८/८६ होता. डोके दुखत नाही म्हणाले. दहाला झोपतात, सकाळी बायकोबरोबर नदीपर्यंत फिरून येतात.

निघताना दारात थांबून त्यांनी भिंतीवरच्या माझ्या पाटीकडे बोट दाखवले. 'वेळ : सकाळी ९ ते २, संध्याकाळी ५ ते १०.' म्हणाले, "डॉक्टर, आता तुम्ही या वाक्प्रचाराचा अर्थ सांगा."

मास्तरांपुढे काय बोलणार? पाटी रंगवायला दिली आहे. येत्या एक तारखेपासून दवाखाना संध्याकाळी साडेआठला बंद होईल. तातडीच्या रुग्णांसाठी दार केव्हाही वाजवावे. बाकीच्यांनी कृपया वेळेत यावे, आणि 'बिझी होतो' हे कारण सांगू नये.